मांडीवरची बोटं

रुदैनाचा डावा हात हलतोय, हे पहिल्यांदा दिसलं ते सासूबाईंना.

शुक्रवारची संध्याकाळ होती. टॅब्लेट उशीला टेकवून आम्ही तिघं कोचावर बसलो होतो. मध्ये सासूबाई, ऑपरेशन झालेला गुडघा स्टुलावर पसरून. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा नवरा नायफ. पडद्यावर रुदैना, माझी नणंद. आदल्या वर्षी तिला आमच्या सल्तपासून दूर, समुद्रकाठच्या अकबाला दिली होती. ती आणि सासूबाई, दोघी जन्मापासून बहिऱ्या. दोघींचं सगळं बोलणं हातांनी. मी या घरात आले तेव्हा मला त्या भाषेतलं 'पाणी'सुद्धा मागता येत नव्हतं. आता मी झोपेत हातवारे करून भांडते, असं नायफ म्हणतो.

कानाने ऐकणाऱ्यांचं बरं असतं. नेट अडखळलं, चित्र गेलं, तरी आवाज येत राहतो. आमच्याकडे चित्र थांबलं की वाक्य थांबतं. हात हवेत तसेच राहतात आणि "आई, मी काल" याच्या पुढे काल काय झालं ते कळत नाही.

त्या संध्याकाळी रुदैना उजव्या हाताने बोलत होती. हवा बरी आहे, मासे ताजे मिळतात, सगळं ठीक. तिच्या मागे सोफ्यावर तिची सासू उम्म थामेर जपमाळ ओढत बसली होती. डावा हात चित्राच्या अगदी खालच्या कडेला, मांडीवर होता. तिथे आम्हाला दिसत होते ते नुसते करडे चौकोन.

कॉल संपल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. "डावा हात बघितलास?"

"चित्र फुटत होतं, मावशी. मला नाही कळलं." सासूला आमच्याकडे मावशीच म्हणतात.

"ती मांडीवर बोलत होती."

मांडीवरचं बोलणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पाहुणे बसलेले असले की या मायलेकी एकाच हाताने, मनगट न हलवता, नुसत्या बोटांनी कुजबुजायच्या. हिला दुसरा तुकडा देऊ नकोस, मागच्या वेळी बाहेर जाऊन नावं ठेवली होती, असलं काहीतरी. समोरचा माणूस कॉफी पीत राहायचा, त्याला पत्ताही नसायचा.

नायफ हसला. तो बोलतानाच हातही चालवतो, म्हणजे मला आणि सासूबाईंना एकदमच कळतं. "आई, नेटची जुनी तांब्याची तार आहे आपली. तिच्यावर सगळंच हलतं. मागच्या शुक्रवारी तिच्या मागचा पडदा हलत होता. तो पण काही सांगत होता का?"

"पडदा माझ्या पोटातून आला नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि गुडघा धरून उठल्या.

हे लग्न जमवलं होतं रस्मिया आत्यांनी, नायफच्या वडिलांच्या बहिणीने. उम्म थामेर, म्हणजे थामेरची आई वस्फिया, त्यांची नणंद, त्यांच्या दिवंगत नवऱ्याची बहीण. तिचा मुलगा थामेर अकबाच्या बंदरात नोकरीला, दिसायला नीटनेटका, पहिली बायको सोडून गेलेली. "बहिऱ्या मुलीला एवढं चांगलं स्थळ पुन्हा येणार आहे का?" आत्या म्हणाल्या होत्या. सासरे वारलेले, आत्या घरातल्या मोठ्या. कोण नाही म्हणणार? लग्नात आत्या आमच्यापेक्षा जास्त नाचल्या होत्या.

पहिले काही महिने रुदैना रोज स्वतःच्या फोनवरून दिसायची. मग फोन बिघडला असं कळलं. नवा घेतील म्हणाले, तो काही आला नाही. आता शुक्रवारी संध्याकाळी, उम्म थामेरच्या टॅब्लेटवर, उम्म थामेर मागे बसलेली असताना. आम्ही येतो म्हटलं की तिकडे रंगकाम निघायचं, नाहीतर पाहुणे यायचे. त्यात सासूबाईंचा गुडघा. एवढ्या लांब गाडीत बसायला डॉक्टर नाही म्हणत होते.

पुढच्या शुक्रवारी मी मुलांचे खेळ बंद करवले, टीव्ही बंद केला, माझा आणि नायफचा फोन नेटवरून काढला. एकट्या टॅब्लेटला सगळी तार मोकळी करून दिली. चेहरा जरा स्वच्छ आला. मांडी तशीच, चौकोनांची. नायफने मला बरं वाटावं म्हणून कॉल रेकॉर्ड केला आणि नंतर हळू करून, मोठा करून दाखवला. चौकोन मोठे झाले, एवढंच. पण मोठे झाल्यावर एक गोष्ट त्यालाही दिसली. उम्म थामेर पाणी घ्यायला उठून रुदैनाच्या शेजारी आली, तेवढ्यापुरते चौकोन थांबले. ती परत बसली आणि ते पुन्हा हलायला लागले.

नायफने तेवढा भाग पुन्हा लावला. मग गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर गेला. परत आला तो सिमवर चालणारा राउटर घेऊन.

नेट हा नायफच्या आवडीचा विषय. नगरपालिकेच्या पाणीखात्यात असल्याने त्याला सगळीकडे नळच दिसतात. "तांब्याच्या तारेत दोष नाही," तो मला सांगायचा, "दोष अंतरात आहे. टेलिफोनचं एक्सचेंज दरीच्या पलीकडे, आपण इकडे डोंगराच्या कडेला. लांबच्या नळाला धार कशी येणार? हा सिमचा डबा म्हणजे पाण्याचा टँकर. तार नाही, खांब नाही, थेट टॉवरवरून. आणि फायबर म्हणजे आत्याचा मुलगा. आहे उत्तम, पण दुबईत आहे, आपल्या हाताला लागत नाही."

फायबर खरंच आमच्या हाताला लागत नव्हतं. विजेच्या खांबांवरून ती तार खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत आली होती. वर आमच्या गल्लीत नुसत्या पायऱ्या, जुने खांब वाकलेले. ते बदलल्याशिवाय तार ओढणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

सिमचा डबा आम्ही दुपारी लावून बघितला आणि हरखलो. माझ्या बहिणीला कॉल केला तर तिच्या भुवया मोजता आल्या असत्या. सासूबाईंनी माझ्या हाताचा मुका घेतला. मी शुक्रवारची वाट बघत राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी सगळी दरी त्याच टॉवरवर बसली होती. सुट्टी, थंडी, घरोघर मालिका आणि फुटबॉल. रुदैना दिसली, हात वर केला, आणि थांबली. पडद्यावर गोल फिरायला लागलं. मग ती एकदम पाच शब्द पुढे गेलेली दिसली, मग पुन्हा थांबली. थांबली ती अशी की डोळे एका बाजूला वळलेले, मागे कोण आहे ते बघणारे. तो चेहरा तसाच पडद्यावर राहिला. मला बघवेना. नायफने डबा खिडकीत ठेवला, गच्चीत नेला, पुन्हा आत आणला.

शेवटी पडद्यावर उम्म थामेरचा चेहरा आला. तिचं मला उद्देशून बोलणं तुटत तुटत ऐकू आलं. "इब्तिहाल, तुमच्याकडचं नेट अगदी टाकाऊ आहे बाई. असू दे. पुढच्या शुक्रवारी निरोपाचं बोलून घ्या. थामेरला तबूकला काम मिळालंय. रविवारी घेऊन जातोय तिला."

तबूक म्हणजे सरहद्दीपलीकडे. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ उचलले नाहीत. ओरडणं मी सहन केलं असतं. हात खाली ठेवणं म्हणजे त्यांचं गप्प होणं, आणि ते मला सहन होत नव्हतं.

शनिवारी मी खाली बाजारात नेटवाल्यांच्या दुकानात गेले. काउंटरवर डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली एक मुलगी होती.

"कशासाठी हवंय नेट? खेळ, मालिका, अभ्यास?"

"बोटं बघायची आहेत," मी म्हणाले.

तिने मान वर केली. मी थोडक्यात सांगितलं, म्हणजे बहिऱ्या माणसांचा व्हिडिओ कॉल, एवढंच. तिला नीट कळलं. "तार बारीक असली की चित्र स्वतःच हलकं होतं, मावशी," ती म्हणाली. "मोठी गोष्ट राखतं, बारीक सोडून देतं. चेहरा ठेवेल, बोटं टाकेल. सिमवर संध्याकाळी गर्दी, तिथे कोणी काही करू शकत नाही. तुम्हाला फायबरच लागेल."

"आमच्या गल्लीत नाही."

"मग कोणाच्या तरी घरी जा ना. ओळखीतलं कोणी नाही का रस्त्यालगत?"

होतं. रस्त्यालगत एकच ओळखीचं घर होतं आणि त्या घरात फायबर आत्यांच्या मुलाने दुबईहून पैसे पाठवून सगळ्यांच्या आधी घेतलं होतं.

मी घरी येऊन हे सांगितल्यावर नायफने कपाळाला हात लावला. "म्हणजे तिच्या सासूविरुद्ध काय आहे ते ऐकायला तिच्या सासूच्या वहिनीच्या घरी बसायचं?"

"आत्यांना हातांचं काय कळतं?"

"हातांचं नाही कळत. माणसांचं कळतं. ती अख्ख्या सल्तची लग्नं जमवते."

"दुसरं घर सांग."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर टिचकी मारून त्याला वळवलं. "माझा गुडघा पायऱ्या उतरेल," त्या म्हणाल्या. "तू चेहरा सांभाळशील का, तेवढं सांग."

आमच्या भाषेत चेहरा म्हणजे निम्मं बोलणं. भुवई वर गेली की प्रश्न होतो, ओठ आवळले की नकार. चेहरा दगडासारखा ठेवून बोलायचं म्हणजे तोंड मिटून बोलण्यासारखं आहे. सासूबाई त्या आठवड्यात आरशासमोर बसायच्या. मला वाटलं केस बघतायत. त्या सराव करत होत्या.

शुक्रवारी आम्ही सासूबाईंना दोन्हीकडून धरून खाली उतरवलं. आमचं नेट मेलंय, मुलीला निरोप द्यायचाय, असं आत्यांना सांगितलं होतं. आत्यांनी दिवाणखान्यात हीटर लावला होता, वेलदोड्याची कॉफी केली होती, भाजलेले बदाम ठेवले होते. "तरी मी नायफला म्हणत होते, घे फायबर. पण हा कंजूष. आता आलात ना शरण?" असं म्हणून त्या आमच्याच कोचावर येऊन बसल्या. "मलाही नणंदेचं तोंड बघू दे."

कॉल लागला.

मी आजवर तसं चित्र पाहिलं नव्हतं. उम्म थामेरच्या माळेचे मणी वेगवेगळे दिसत होते. रुदैनाच्या ओठाला पडलेली भेग दिसत होती. ती बारीक झाली होती. आमच्या घरी ते चौकोनांनी झाकलं होतं.

आधी आत्या आणि उम्म थामेर बोलल्या. तब्येत, थंडी, तबूकमधला पगार. तेवढ्यात रुदैनाने आम्हाला नीट पाहिलं. तिच्याही लक्षात आलं असावं की आज चित्र वेगळं आहे. तिने कॉफीचा कप उजव्या हातातून खाली ठेवला, हात वर केला आणि मोठ्ठं, सगळ्यांना दिसेलसं म्हणाली, "आई, थामेर तिकडे मोठं घर बघतोय."

डावा हात मांडीवर, चित्राच्या खालच्या कडेला. बोटं स्वच्छ दिसत होती, नखंसुद्धा.

'दार,' बोटं म्हणाली. 'बाहेरून. कुलूप.'

"दोन खोल्या आणि अंगण," उजवा हात म्हणाला.

'फोन त्याने घेतला. बाहेर सोडत नाहीत.'

"काय म्हणते पोरगी?" आत्यांनी मला विचारलं.

"तबूकमध्ये घराला अंगण आहे म्हणते," मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"बघ. मी म्हणाले नव्हते?" आत्यांनी बदाम तोंडात टाकला.

'पोटात बाळ होतं,' बोटं म्हणाली. 'त्याने ढकललं. गेलं. दवाखान्यात नेलं नाही.'

नायफ उठायला लागला. त्याला हे बोलणं माझ्याआधीपासून येतं, आईच्या मांडीवर बसून शिकलेला तो. त्याचे गुडघे सरळ होताना मला दिसले. सासूबाईंची नजर पडद्यावरून हलली नाही, पण त्यांचा डावा हात बाजूला गेला आणि नायफच्या मांडीवर दाबून बसला. तो पुन्हा टेकला. आत्यांनी वळून बघितलं.

"पाय आखडला," नायफ म्हणाला.

सासूबाई हसत होत्या. खरोखर हसत होत्या, लग्नाच्या फोटोत असतात तशा. उजव्या हाताने त्या म्हणाल्या, "तिकडे गारठा असतो. लोकरीचा स्वेटर बरोबर घे." मग डावा हात नायफवरून उचलून त्यांनी स्वतःच्या मांडीवर आणला. 'दिसलं. सगळं दिसलं. उद्या येते.'

पलीकडे रुदैनाचा उजवा हात हवेतच थांबला. मला वाटलं, नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. तिच्या मागे माळ फिरत होती. तिची हनुवटी थरथरायला लागली. उम्म थामेरने पुढे वाकून सुनेच्या तोंडाकडे बघितलं.

'रडू नकोस,' सासूबाईंची बोटं म्हणाली. 'हस. स्वेटरला हस.'

आणि ती हसली. "आई, तो लाल स्वेटर आता आखूड होतो मला," उजव्या हाताने म्हणाली. उम्म थामेर पुन्हा मागे टेकली.

"स्वेटरचं काहीतरी चाललंय," मी आत्यांना सांगितलं, त्यांनी विचारायच्या आधीच. ती माझी चूक झाली.

कॉल संपला. टॅब्लेटचा पडदा काळा झाला तरी सासूबाईंचं हसू तसंच होतं, उतरवायचं विसरल्यासारखं. आत्यांनी कॉफीची किटली बाजूला सरकवली.

"इब्तिहाल, मला हातांचं कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझी वहिनी उजव्या हाताने पोरीशी बोलत होती, तर डाव्याने कोणाशी बोलत होती?"

मी नायफकडे बघितलं. त्याने सांगून टाकलं. जसं दिसलं तसं, एकही शब्द न वाढवता.

आत्या तांबड्या झाल्या. "माझ्या घरात बसून, माझी कॉफी पिऊन, माझ्या नवऱ्याच्या बहिणीवर आळ घेता? कोणी सांगितलं, बोटांनी? बोटं काय कुराणावर हात ठेवून बोलतात का?"

"आत्या, मी उद्या जाऊन तिला आणतोय," नायफ म्हणाला. "तू काहीही म्हण."

"आणि दारात उभं करतील का तुला? तू जाणार, आरडाओरडा करणार, उद्या सगळ्या गावात माझ्या नावाने..." त्या थांबल्या. सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई त्यांच्याकडेच बघत होत्या, आता हसू नव्हतं. या दोघी भावजय-नणंद आयुष्यभर एकमेकींशी दुभाष्याशिवाय बोलल्या नव्हत्या, आणि दुभाष्यातर्फेही गोड काही बोलल्या नव्हत्या.

"मी येते बरोबर," आत्या म्हणाल्या. "माझ्यासाठी दार उघडेल वस्फिया. मी स्वतः बघेन. आणि हे खोटं निघालं ना, नायफ, तर तुझ्या आईला सांग, माझ्या मयतीलाही येऊ नकोस म्हणावं."

मला एकच भीती होती, की त्या रात्री नणंदेला फोन करतील. नायफ म्हणाला, नाही करणार, तिला चोरी रंगेहाथ पकडायची असते, मग चोर कोणीही असो. तरी पहाटे त्यांच्या दारात गाडी थांबली तेव्हा मी त्यांच्या हातात फोन आहे का ते बघितलं. हातात खजुराच्या बिस्किटांचा डबा होता, नणंदेसाठी.

मुलांना माझ्या आईकडे सोडलं होतं. सासूबाई मागच्या सीटवर पाय माझ्या मांडीवर पसरून बसल्या. वाळवंटाच्या रस्त्याला लागल्यावर खड्डा आला की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मी थांबू का विचारलं की मान हलवायच्या. आत्या पुढे बसून सगळ्या वाटेवर थामेरच्या वडिलांचा चांगुलपणा सांगत राहिल्या.

अकबाला पोचलो. उम्म थामेरने दार अर्धं उघडलं, आम्हाला बघून तसंच धरलं, आणि मग आत्या दिसल्यावर पूर्ण उघडलं. दुसरं काही करणं तिला शक्यच नव्हतं. थोरली भावजय दारात उभी होती.

"अगं, कळवलं असतंस. थामेर कामावर आहे. रुदैना झोपलीय, डोकं दुखतंय तिचं."

"झोपू दे," आत्या म्हणाल्या. "तू बस. कॉफी कर."

कॉफी आली. उम्म थामेरने पहिला कप आत्यांना दिला. आत्यांनी तो घेतला, न पिता समोर ठेवला, आणि म्हणाल्या, "आधी हात धुऊन येते. प्रवासाचे आहेत."

"मी दाखवते."

"या घराचा पाया भरला तेव्हा मी इथे होते, वस्फिया. मला न्हाणीघर दाखवतेस?"

त्या बोळात गेल्या. आम्हाला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. तो न्हाणीघराशी थांबला नाही, पुढे गेला. उम्म थामेर उठली. नायफही उठला आणि बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मग किल्ली फिरल्याचा आवाज आला. साधा, रोजचा आवाज. सासूबाईंना तो ऐकू आला नाही, पण त्यांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं.

आत्या परत आल्या तेव्हा त्यांच्या मागे रुदैना होती, अनवाणी, घरातल्या झग्यात. ती आईपाशी गेली आणि खाली बसून तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. सासूबाईंनी गुडघा हलवला नाही.

"किल्ली बाहेर होती," आत्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू. "दाराला बाहेरून किल्ली, वस्फिया."

"तिला ऐकू येत नाही. रस्त्यावर गेली, गाडीखाली आली, तर कोण जबाबदार? तिच्याच भल्यासाठी..."

"माझी कॉफी थंड झाली," आत्या म्हणाल्या. कपाला त्यांनी ओठ लावला नव्हता. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस कप तसाच ठेवतो. ते मान्य झालं की पितो. उम्म थामेरने कपाकडे बघितलं, आणि तिला कळलं की हा कप या घरात कधीच कोणी पिणार नाही. ती फोन शोधायला आत धावली.

आम्ही रुदैनाच्या अंगावर माझा कोट घातला. सासूबाईंना उतरवायला वेळ लागत होता, एकेक पायरी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थामेर भेटला, बंदराच्या गणवेशात, धापा टाकत. जिना अरुंद. तो मधोमध उभा राहिला.

"माझी बायको आहे ती," तो म्हणाला. "कुठे नेताय? पोलिसांना बोलावू?"

नायफने आईचा हात सोडला. मी त्याची मूठ बघितली. त्याच्या आधी आत्या एक पायरी खाली उतरल्या. त्या थामेरच्या छातीपर्यंतही येत नाहीत.

"बोलाव," त्या म्हणाल्या. "त्यांना दार दाखवू, किल्ली दाखवू. मग डॉक्टरकडे जाऊ, आणि बाळाचं विचारू. तुला चालेल ना?"

रुदैना माझ्या दंडाला धरून होती. तिची बोटं रुतत होती.

"माझ्या भावाची मुलगी आहे. मी दिली होती, मीच नेतेय. भिंतीला लाग."

वरून उम्म थामेर काहीतरी ओरडत होती. मग थामेर भिंतीला लागला, आणि आम्ही एकामागून एक त्याच्या समोरून उतरलो. त्याच्या गणवेशाला डिझेलचा वास येत होता.

परतताना वाटेत अंधार पडला. रुदैना मागे आमच्या दोघींच्या मध्ये होती. ती काहीतरी बोलायला लागली, पण हात दिसेनात. मी नायफला आतला दिवा लावायला सांगितलं. दिवा लावला की समोरच्या काचेवर आमची सगळ्यांची प्रतिबिंबं पडतात आणि रस्ता नीट दिसत नाही, ट्रकचा रस्ता तो. नायफने वेग कमी केला, स्टिअरिंगवर वाकला, पण दिवा बंद केला नाही. ती बोलत राहिली. दोन्ही हातांनी. आत्या समोर बघत बसल्या होत्या. मध्येच त्यांनी न वळता मला विचारलं, "काय म्हणते?"

या वेळी मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी एकदाही थांबवलं नाही. बिस्किटांचा डबा अजून त्यांच्या मांडीवरच होता.

पुढे कोर्ट झालं. लांबलं, पण झालं. डॉक्टरचा कागद होता आणि आत्यांची साक्ष होती. रुदैना सुटली. आता ती अम्मानला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिवण शिकवते, आठवड्याच्या शेवटी घरी येते. आमच्या गल्लीतले खांब बदलले, फायबर आलं. नायफ त्याचं कौतुक सांगत नाही, मला वाटतं त्याला त्या पडद्यावर पाहिलेलं आठवतं. मुलं मात्र खूश आहेत.

आत्यांना त्यांच्या सासरच्यांनी टाकलं. नवऱ्याचं सगळं गणगोत, जन्मभराची ऊठबस, एका साक्षीने गेली. लग्नं जमवायलाही आता फारसं कोणी बोलवत नाही. ईदच्या दिवशी त्यांच्याकडे नेहमी पाय ठेवायला जागा नसायची. त्या ईदला सकाळपासून दार वाजलं नाही, असं समोरच्या बाईने मला सांगितलं.

मी सासूबाईंना ते सांगितलं. त्यांनी ताटात मामूल, ईदची खजुराची बिस्किटं, भरली, वर कापड टाकलं, काठी घेतली. मी चप्पल घालायला लागले तर म्हणाल्या, "तू नको."

"मग बोलणार कशा तुम्ही?"

त्यांनी खांदे उडवले आणि पायऱ्या उतरायला लागल्या, एक हात भिंतीला धरून. परत आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि ताट रिकामं होतं.